चिखलात उतरणारा पाय

लाखांदूरच्या एसटीत माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीतून पायाचा अंगठा बाहेर आला होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं आधी अंगठ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहत बसला. शेवटी राहवेना म्हणून त्यानं विचारलंच, "कोणाचा आहे वं हा?"

"माह्या बहिणीचा," मी म्हटलं.

पुढच्या थांब्यावर तो उठून पार मागच्या सीटवर जाऊन बसला. मी अंगठा आत ढकलला आणि पिशवीला गाठ मारली. एरवी मी हसून लोटपोट झाले असते. पण त्या दिवसांत मला कशाचंच हसू येत नव्हतं.

पाय नकली होता, पॉलियुरेथेनचा, आणि मी स्वतः कारखान्यात ओतून काढलेला होता. पाचही बोटं, नखांच्या खुणा, टाच, सगळं जागच्या जागी. रंग आमच्या घरच्या अंगाचा, म्हणजे उन्हात भाजलेला. बहिणीला आधी एका शिबिरात जो पाय मिळाला होता तो गोरापान होता. तो लावून ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा म्हणाली होती, "एक पाय माहा अन् एक मडमीचा. मी कोणच्या पायानं चालू?"

बहीण माझ्याहून बरीच मोठी. आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, मीही बाईच म्हणते. लाखांदूरपासून थोडं आत, धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांमधल्या, एका गावात तिचं घर आहे. भाऊजी गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं की ही आता शेती कुणाला तरी देऊन टाकेल. हिनं नाही दिली. रोवणीच्या दिवसांत बायांच्या रांगेत ती पुढं असायची, आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत मागं सरकताना तिच्या वेगानं सरकणं कुणाला जमायचं नाही. बाकीच्या बाया तिला शिव्या घालायच्या, "अवं, तुह्या मांगं का वाघ लागला?" मग एका पावसाळ्यात निंदण करताना तिला घोणस चावली. नागपूरच्या दवाखान्यात जीव वाचला पण पाऊल सडत गेलं. गुडघ्याखाली वीतभर ठेवून खालचा पाय कापावा लागला.

शिबिरातला पाय म्हणजे गुडघ्याखाली बसणारी प्लास्टिकची नळी आणि तिच्या टोकाला नटानं आवळलेलं पाऊल. त्यावर ती घरात चालायची, बाजाराला जायची. पण बांधीतला चिखल म्हणजे रस्ता नव्हे. पाऊल घोट्याच्या वर आत जातं आणि उपसताना चिखल ते सोडत नाही. बोटांच्या मागं जिथं पाऊल वाकतं, तिथं तो गोरा पाय चिरला. चिरेतून पाणी शिरलं, आतला लाकडी ठोकळा फुगला आणि टाच उकलली.

मी तिला म्हटलं, वरून गमबूट घाल. त्यावर ती जी तापली की विचारू नका. आमच्याकडं कुणी पायात काही घालून बांधीत उतरत नाही. उतरण्याआधी वाकून चिखलाला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि अनवाणी पाय आत ठेवायचा. बाई म्हणाली, "बूट घालून धानात जाऊ? त्याच्यापरीस मी जातच नाई."

आणि न जाण्याची तयारी तर तिच्यासाठी सगळे करूनच बसले होते. तिचा धाकटा दीर भला माणूस आहे. दुष्ट असता तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. तो अगदी मायेनं म्हणायचा, "वहिनी, तुम्ही आता आराम करा. तुमच्या बांध्या मी पाहून घेतो. तांदूळ बसल्या जागी घरात येईल." जाऊ मान डोलवायची. शेजारपाजार मान डोलवायचा. त्यांनी तिच्यासाठी ओसरीत खाटही टाकली होती, वर नवी गोधडी.

बाईनं मला फोन केला. ती सहसा रडत नाही, तेव्हाही रडली नाही, पण आवाज कसातरीच होता. "सगळे मिळून मले खाटेवर बसवून राहिले वं. एकदा बसली का मी उठत नाई. येत्या रोवणीले मले माह्या बांधीत उभं राहाचं आहे. बाकी मले काहीच नको. तू ते रबर-बिबर करते ना तिकडं? पाय कर मले एक."

मी म्हटलं, "पाय म्हणजे काय भजे आहेत का, घाण्यात टाकले अन् काढले?"

"तुले जमत नसन तर तसं सांग," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला जमत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. हे तिला माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे.

मी आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरच्या पुढं हायवेला लागून असलेल्या एका छोट्या कारखान्यात मिक्सिंगचं काम पाहते. आम्ही चपला-बुटांचे सोल करतो आणि राइस मिलला लागणारे रोलर करतो, ज्यांच्या फटीतून धान जातं आणि टरफल निघतं. कच्चा माल म्हणजे दोन द्रवं. एक मधासारखं घट्ट, दुसरं तपकिरी, ज्याच्या वाफेनं घसा धरतो. दोन्ही एकत्र घोटली की माल फसफसून वर येतो, साच्यात भरतो आणि बसतो. हेच पॉलियुरेथेन. गादीत तेच, गाडीच्या सीटमध्ये तेच, बाईच्या चिरलेल्या पायातही तेच. मऊ केलं तर लवकर चिरतं, कडक केलं तर वाकत नाही.

रोलर टिकावेत म्हणून मालकानं त्या साली एक वेगळा ड्रम मागवला होता. त्यातलं द्रव मधासारखं नव्हतं, पांढरंफेक होतं, दाट दुधासारखं. त्यात दुसऱ्याच एका प्लास्टिकचे कण तरंगत असतात, इतके बारीक की बोटाला रवासुद्धा लागत नाही. हे कण कडक. मऊ मालात सगळीकडं पसरले की भार ते उचलतात, आणि चीर पुढं सरकू लागली की तिच्या वाटेत आडवे येतात. पण नुसते कण टाकून भागत नाही. सुटा कण म्हणजे भातातला खडा, उलट तिथूनच माल फाटतो. म्हणून प्रत्येक कणाला रसायनाच्या बारीक शेंड्या जोडलेल्या असतात आणि त्या आजूबाजूच्या मालाला धरून ठेवतात. गवतातून जाताना लुगड्याच्या काठाला कुसळ धरतं ना, तसं. काठ फाटेल, पण कुसळ सुटत नाही.

मालकाला विचारायला गेले तर तो म्हणाला, "मॅडम, अपने यहां चप्पल बनती है, पैर नहीं."

"चप्पल पायातच घालतात ना?" मी म्हटलं. "पायच नसला तर तुमची चप्पल कोण घेईल?"

तो हसला आणि म्हणाला, दिवसाचं काम झालं की उरलेल्या मालात काय करायचं ते करा. माणूस वाईट नाही, फक्त हिशेबात बुडालेला.

साचा मी बाईच्या डाव्या, धडधाकट पावलावरून घेतला आणि उजव्यासाठी उलटा कोरून घेतला. कारखान्यातला साचा कोरणारा म्हणाला की दोन्ही पाय सारखे असलेला माणूस त्यानं अजून पाहिला नाही. मी म्हटलं, आता पाहशील.

पहिला माल वाया गेला. ड्रम काही दिवस नुसता उभा होता, कण तळाशी बसले होते, आणि मी घाईत वरवर ढवळून ओतलं. पाऊल दिसायला देखणं निघालं. वाकवल्याबरोबर फाटलं, आणि फाटलेल्या जागी पांढऱ्या गुठळ्या दिसल्या. पिठल्यात राहतात तशा. दुसऱ्या खेपेला मी कण भरमसाट घातले. ते पाऊल मोडलं नाही, पण वाकलंही नाही. बाईला लावून पाहिलं तर ती म्हणाली, "हा पाय नाई, मुसळ आहे." मी तिच्यावर खेकसले. मग एसटीत बसून रडले, कारण आभाळ भरून आलं होतं, पऱ्हे टाकायचे दिवस तोंडावर होते आणि माझ्याजवळ फक्त एक फाटका पाय आणि एक मुसळ होतं.

तिसऱ्या खेपेला मी ड्रम आधी मंद गरम केला, तळापासून घोटला, माल गाळून घेतला आणि कण बेतानं घेतले. साच्यातून दोन पावलं काढली. एक बाईसाठी, एक चाचणीसाठी. सोल वाकवून पाहायचं आमचं एक यंत्र आहे, ते दिवसभर सोल वाकवत बसतं. त्याच्याखाली मी घमेलं ठेवलं, त्यात बाईच्याच बांधीतून आणलेला चिखल कालवला आणि पाऊल त्यात वाकत ठेवलं. कामावरचे लोक येऊन पाहायचे आणि जायचे. एक जण म्हणाला, "मॅडम, हा पाय चालून चालून कुठं जाऊन राहिला?" मी म्हटलं, लाखांदूरला. पाऊल वाकत राहिलं, वाकत राहिलं आणि चिरलं नाही. मी त्याच्या तळव्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. इतकं मला कधी कुठल्या रोलरचं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी एसटीत माझ्या मांडीवर होता तो हा पाय.

रोवणीच्या सकाळी मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, उभी होते. बाईनं लुगडं वर खोचलं, वाकली, चिखलाला हात लावला, कपाळाला लावला. आधी डावा पाय आत टाकला. मग हा. पाऊल चिखलात गेलं, नळीचा तळ बुडाला, आणि तिनं ते उपसलं. पचकन आवाज झाला आणि पाऊल वर आलं, पाचही बोटांनिशी, चिखलानं माखलेलं. डाव्यात आणि उजव्यात काही फरक दिसत नव्हता. बाया ओरडल्या. एकीनं तिच्या अंगावर चिखल उडवला. बाईनं पऱ्ह्यांची जुडी उचलली, रांगेत जाऊन उभी राहिली आणि लावायला लागली. पहिल्यासारखी वेगात नाही, पण लावायला लागली. दीर माझ्या बाजूला उभा होता. तो म्हणाला, "मानलं बुवा." मला त्याचा राग आला नाही असं पहिल्यांदाच झालं.

त्यानंतर मी कामावर परतले. बाई फोनवर सांगायची, आज अमकी बांधी झाली, आज तमकी झाली, आता फक्त बोडीखालची, तळ्याखालची, मोठी बांधी राहिली. मी विचारायची, पाय कसा आहे? ती म्हणायची, मस्त. मला जिकडं तिकडं सांगत सुटावंसं वाटायचं. मालकालाही सांगितलं. तो म्हणाला, रोलरलाही तेच प्रमाण घेऊ.

मग एका दुपारी फोन आला. "पाय बसला वं."

"बसला म्हणजे?"

"चेपला. टाच गेली त्याची. बोटं वाकडी झाली. तू ये."

चाचणीचं पाऊल मी पिशवीत घातलं आणि निघाले. ते अजून यंत्रावर वाकत होतं, धड होतं. मग हिचंच का बसलं? रस्ताभर डोक्यात एकच. गुठळी राहिली असेल. गाळताना काहीतरी निसटलं असेल. पावसानं एसटी रेंगाळत होती आणि मी मनातल्या मनात तो ड्रम पुन्हा पुन्हा घोटत होते.

बाई ओसरीवर बसली होती. खाटेवर. जावेनं पाणी दिलं, दीर म्हणाला, "जाऊ द्या ना, पाच-सहा बांध्या केल्या, लय झालं. मोठी बांधी आम्ही करून टाकू. पऱ्हे जुने होऊन राहिले." तो खरंच मायेनं बोलत होता.

मी पाऊल सोडवून हातात घेतलं. टाच पुरणपोळीसारखी चपटी झाली होती, तळव्याला सुरकुत्या, अंगठा एका बाजूला कललेला. बोट लावलं तर चिकट. मी विळा मागितला आणि अंगणात बसून ते पाऊल मधोमध कापलं. कापताना बाई वरून ओरडली, "अवं, हळू!" आणि तिनं आपली उरलेली पोटरी दोन्ही हातांनी गच्च धरली.

मी थांबले. मग पुन्हा कापलं. आत गुठळी नव्हती. मधला माल चांगला होता, चिवट, जसा पाहिजे तसा. बिघडलं होतं ते बाहेरून. आणि वास येत होता, धुराचा आणि तेलाचा. कडवट, ओळखीचा वास. मोहाच्या बियांचं तेल, आमच्याकडं त्याला टोरीचं तेल म्हणतात.

"याले तेल कोणी लावलं?"

"मीच. दोन्ही पायांले लावाच लागते ना," बाई म्हणाली.

दिवसभर चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, फुटते, आग होते. चिखल्या म्हणतात त्याला. रोवणी करणारी प्रत्येक बाई संध्याकाळी शेगडीत निखारे घेऊन बसते, पायांना टोरीचं तेल चोळते आणि तळवे निखाऱ्यावर धरून शेकते. माझी आई करायची, आजी करायची. लहान असताना मीही त्यांच्या रांगेत तळवे पुढं करून बसलेली आहे. आणि यंत्र, घमेलं, चिखल हे सगळं जमवताना हे एवढं एक माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

उकळत्या पाण्याच्या आसपास उष्णता गेली की ते कडक कण नरम पडतात आणि त्यांना धरून ठेवणारा मालही सैल होतो. वरून तेल, वरून माणसाचं वजन. निखाऱ्याजवळ तेवढी उष्णता सहज असते. खऱ्या पायाला चटका बसला की माणूस पाय मागं घेतो. हा पाय मागं कोण घेणार?

माझा तोल गेला. "भैताड आहेस का तू? त्यात जीव आहे का? प्लास्टिक आहे ते! प्लास्टिकले कोणी शेकते का?"

बाई एवढ्यानं चिडली नाही. ती म्हणाली, "खाजते ना पण."

"काय खाजते?"

"बोटं. या पायाची. जी कापली ती. बांधीतून आली का बेचक्यात आग होते, पह्यलेसारखीच. डॉक्टर म्हणे असं होत असते, गोळी घ्या. गोळीनं झोप येते, खाज नाई जात. मंग हा पाय शेकला. तेल लावलं, निखाऱ्यावर धरला. बंद झाली. एकदम बंद झाली वं. दोन पाय बाजूबाजूले शेकत बसली का मले वाटते..."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी काय केलं तर पाना काढला, नवं पाऊल नळीला आवळलं आणि म्हटलं, "हे शेवटचं आहे. आता तो पांढरा माल सगळा रोलरच्या कामाले गेला, पुढचं पाऊल दिवाळीशिवाय होत नाही. याले आग दाखवली तर मोठी बांधी विसर. शेगडी पाह्य नाही तर बांधी पाह्य."

त्या संध्याकाळी जाऊ आणि शेजारच्या बाया शेगडीभोवती बसल्या. बाईनं नकली पाय मुडपून लुगड्याखाली घेतला आणि फक्त डावा शेकला. सगळ्यांच्या रांगेत तिचा एकटीचा एक पाय पुढं. सकाळी तिचे डोळे लाल होते.

मोठ्या बांधीत त्या दिवशी गावातल्या सगळ्या बाया होत्या. दीर पऱ्ह्यांच्या जुड्या टाकत होता. बाई चिखलाला हात लावून उतरली. पाऊल चांगलं होतं, मी धुऱ्यावरून डोळ्यांत तेल घालून पाहत होते. वाकत होतं, सुटत होतं, कुठं चिरत नव्हतं. पण बाईच चालत नव्हती. दोन-चार हात लावलं की थांबायची, गुडघा दाबायची. रांग मागं सरकली, ती होती तिथंच राहिली. मग ती वाकडीतिकडी पाय ओढत बाहेर आली आणि धुऱ्यावर माझ्या बाजूला बसली. तोंड पांढरं पडलेलं.

"मोडलं का?" मी विचारलं.

"नाई. तुहा पाय पक्का आहे. आग होऊन राहिली बोटांची. नाई सहन होत."

दिरानं लांबून हाक मारली, "वहिनी, बसा आता तिथंच. झालं की. घरी गेल्या तरी चालते." बाया म्हणाल्या, हो हो, बस बाई, आम्ही करतो. सगळ्यांचा आवाज मायेचा. बाईनं मान खाली घातली आणि होय म्हणाल्यासारखी हलवली. आणि मला कळलं की ती आता धुऱ्यावरून घरी जाईल, घरी ओसरीवर जाईल, खाटेवर बसेल, आणि मग उठणार नाही. मी बनवलेला पाय पक्का राहील आणि ती उठणार नाही.

धुऱ्यावर पळसाखाली बायांनी चहासाठी तीन दगडांची चूल मांडली होती. पातेलं नुकतंच उतरवलं होतं, खाली निखारे होते. बाईची नजर तिकडं गेली, आणि लगेच तिनं ती काढून घेतली.

मी उठले. चुलीपाशी उकिडवी बसले आणि दोन्ही तळहात निखाऱ्यावर धरले. जेवढं सोसेल तेवढं धरले. मग धावत येऊन तिच्यासमोर बसले, नकली पाऊल मांडीवर घेतलं आणि ऊन तळहातांनी त्याची बोटं झाकून घेतली. माणसाच्या हाताच्या उबेनं त्या मालाला काही होत नाही. त्या मालातून तिला काही कळतही नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे.

बाया थांबून पाहायला लागल्या. एक ओरडली, "काहून वं, बहिणीच्या पाया पडून राहिली का आज?"

"पडून राहिली," मी ओरडले. "तुले काय कराचं आहे? तू आपली धान लाव."

बाईनं डोळे मिटले होते. मी पुन्हा चुलीकडं गेले, पुन्हा हात शेकले, पुन्हा आले. ती हळूच म्हणाली, "अंगठ्याले नाई."

"मग कुठं?"

"करंगळीच्या बाजूले. बेचक्यात."

मी बेचक्यात बोट घातलं आणि चोळलं. तिथं मी स्वतःच कानशीनं घासून दोन बोटं वेगळी केली होती. बाईचा खांदा खाली आला. तिनं मोठा श्वास सोडला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझ्याही आलं, आणि मला कुणाचीही लाज वाटली नाही.

मला दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत जायचं होतं. खिशात मालकाचा फोन वाजत होता. माझ्यामागं हे कोण करणार, जावेला सांगता येईल का, पुढच्या रोवणीला काय, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. हातात धरून ठेवता येईल असं पाऊल मी बनवलं, पण निखाऱ्यावर धरता येईल असं मला अजून जमलेलं नाही.

बाईनं पाय मांडीवरून काढून घेतला. उठली. वाकली, चिखलाला हात लावून कपाळाला लावला, आणि उतरली. रांगेपर्यंत गेली. एका बाईनं सरकून तिला जागा करून दिली.

"जुडी फेक वं," ती माझ्याकडं पाहून ओरडली.

मी फेकली, आणि चुलीत आणखी दोन काटक्या घातल्या.